नेम, प्लेस अँड स्टेड

‘स्टेड’ हा इंग्रजी शब्द टाइप करायला उजवा हात लागत नाही. एस, टी, ई, ए, डी ही पाचही अक्षरं टाइपरायटरवर डाव्या हाताखाली येतात. उजवा हात तेवढा वेळ मोकळा असतो. मी त्या वेळात चहाचा पेला उचलायचो. तीस-पस्तीस वर्षं दुबईत टायपिंग केल्यावर माणसाला शब्दांचे अर्थ नंतर आठवतात, आधी बोटं आठवतात.

माझ्या नातवंडांना हा शब्द माहीत नाही. ‘नोबडी सेज दॅट, दादा,’ असं धाकटी म्हणते, आणि ते खरंच आहे. इंग्रजसुद्धा तो बोलत नाहीत. पण साठच्या दशकात दुबईच्या देरा बाजारात आमच्या दुकानात जवळजवळ रोज हा शब्द कागदावर उतरायचा, कारण आमचं पोट मुखत्यारपत्रांवर चालायचं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा यूएई हा देश नव्हता. दुबई, शारजा, अबुधाबी अशी वेगवेगळ्या शेखांची राज्यं होती आणि त्यांच्यावर इंग्रजांचा हात होता. रत्नागिरी-कुलाब्याकडचे आम्ही कोकणी मुसलमान बोटीने, लाँचने इथे यायचो आणि दोन-दोन, तीन-तीन वर्षं गावी जायचो नाही. पण माणूस इकडे आला म्हणून गावची कामं थांबतात थोडीच? नारळीची बाग विकायची असते, भावाभावांत वाटणी व्हायची असते, कोर्टात तारीख लागलेली असते. तिथे आपल्या बदल्यात कोणाला तरी उभं करावं लागतं. त्यासाठी मुखत्यारपत्र. आम्ही ते इंग्रजीत टाइप करायचो, मग गिऱ्हाईक अब्रा, म्हणजे तिथली होडी, पकडून खाडीपलीकडे इंग्रजांच्या कचेरीत जायचं आणि साहेबासमोर सही करून शिक्का घ्यायचं. मजकूर ठरलेला असे. मी अमुक, तमुकचा मुलगा, माझ्या चुलत्याला किंवा भावाला माझा मुखत्यार नेमतो, त्याने ‘इन माय नेम, प्लेस अँड स्टेड’ पुढील कामं करावीत. माझ्या नावाने, माझ्या जागी आणि माझ्या स्टेडमध्ये.

नाव कळतं. जागा कळते. हे तिसरं काय, ते मला दुकानात लागल्यावर बरेच महिने कळलं नव्हतं. मी समजत होतो की ‘स्टेडी’मधलंच काहीतरी असेल, म्हणजे मुखत्याराने न डगमगता काम करावं. दुकानाचे मालक दाऊदचाचा यांना विचारलं तर ते म्हणाले, “इब्राहिम, ते तिथे असतं. काढू नकोस.” त्यांनी ते स्वतःच्या उस्तादाकडून तसंच घेतलं होतं.

एकदा खेडकडचे एक व्यापारी आले. धाकट्या भावाला मुखत्यार करायचं होतं. मी मजकूर मराठीत समजावून सांगितला. ते म्हणाले, “नाव दिलं त्याला. जागा पण देतो. पण हे तिसरं राहू दे माझ्याकडे.”

मी म्हटलं, “शेठ, तिसरं म्हणजे पुन्हा जागाच.”

“मग दोनदा कशाला देऊ? एकदा दिली तेवढी बस झाली. तो माझ्या खुर्चीत बसून पान खातो असं लोक लिहितात मला.”

त्यांनी तो शब्द काढायला लावला. कचेरीत कागद अडला, परत आला, मी शब्द पुन्हा घातला आणि शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मला हसू आलं होतं. भावाचा इतका काय तो हेवा, असं वाटलं होतं.

दुसरा एक मंगलोरी बबर्ची होता. त्याचा इंग्रज मालक विलायतेला परत गेला आणि जाताना त्याला शिफारसपत्र देऊन गेला. त्यात लिहिलं होतं की याचा शांत स्वभाव याला ‘इन गुड स्टेड’ उभा करेल, म्हणजे पुढे कामी येईल. बबर्ची माझ्याकडे आला आणि विचारू लागला की हे गुड स्टेड कुठे आलं, मस्कतच्या पुढे की अलीकडे, आणि तिथे जायला लाँच कधी सुटते. साहेबाने तिथे आपली नोकरी पक्की केली आहे अशी त्याची समजूत होती. त्याला समजावताना माझी दुपार गेली.

अर्थ शेवटी मला कचेरीतल्या पर्सीसाहेबांनी सांगितला. हे वयस्कर इंग्रज गृहस्थ होते, कागद तपासून वर पाठवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्या कागदात खाडाखोड नसते म्हणून माझ्यावर त्यांची मर्जी होती. ते म्हणाले, “स्टेड म्हणजे जागाच. जुना शब्द आहे. माझ्या गावाच्या नावाच्या शेवटी तो अजून आहे. आता तो एकटा कुठे दिसत नाही, दुसऱ्या शब्दांच्या घरी राहतो. पलंगाचा सांगाडा म्हणजे बेडस्टेड, बिछान्याची जागा. घरदार म्हणजे होमस्टेड. इन्स्टेडमध्येही तोच आहे. तुमच्याकडचं स्थान, हिंदुस्थानातलं स्थान, ते याचंच भावंड.”

मी म्हटलं, “मग प्लेस आणि स्टेड दोन्ही कशाला?”

साहेब म्हणाले, “वकिलांना भरवसा नसतो म्हणून. पण माझ्या कानाला फरक वाटतो. प्लेस रिकामी असू शकते. स्टेडमध्ये कोणीतरी उभं असतं.”

मला हे फार आवडलं. परत येताना अब्रात बसून मी मराठीत काय म्हणता येईल याचा विचार करत होतो. ‘ऐवजी’ म्हणावं तर तो मूळचा अरबीच, त्यात देवाणघेवाणीचा वास येतो. ‘बदली’ म्हणजे कामगार. ‘वतीने’ म्हटलं की माणूस आपला निरोप घेऊन जातो आणि परत येतो. आणि ‘जागी’ म्हटलं की तो तिथेच बसतो. वतीने आणि जागी या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, ते माझ्यावर बेतलं तेव्हा कळलं.

दुबईत आल्यावर दुसऱ्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी बाणकोटच्या खाडीपलीकडची, जुबेदा. मी तिला पाहिलं नव्हतं, तिच्या घरच्यांनी माझा फोटो पाहिला होता. तारीख ठरली आणि नेमके दाऊदचाचा अर्धांगाने अंथरुणाला खिळले. दुकान माझ्या एकट्यावर आलं. शेजारच्या गल्लीत एक केरळी टायपिस्ट रिकामा बसला होता. त्याचा हात माझ्यापेक्षा जलद चालायचा. मी दोन महिने गावी गेलो असतो तर परत आल्यावर माझ्या स्टुलावर तो दिसला असता, यात मला शंका नव्हती. तिकडे मुलीचे वडील हाजीसाहेब तारीख हलवायला तयार नव्हते. त्यांना दुसऱ्यांदा हजला निघायच्या आधी हे कार्य उरकायचं होतं.

आमच्यात नवरा हजर नसला तरी निकाह होतो. नवऱ्याने वकील नेमायचा, म्हणजे कोर्टातला नव्हे, आपल्या वतीने कबुली देणारा माणूस. वकिलाने काझीसमोर, दोन साक्षीदारांदेखत म्हणायचं, ‘मी इब्राहिमसाठी हा निकाह कबूल केला.’ झालं. वकील कोण, तर घरच्यांनी माझ्या चुलतभावाचं नाव सुचवलं. उस्मान.

उस्मान माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. खाडीत पोहताना तो नेहमी माझ्या पुढे असायचा. शाळेत मास्तर त्याचं अक्षर इतर मुलांना दाखवायचे. गावच्या धक्क्यावर तो तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, तिकिटांचं काम करायचा आणि बायकापोरांना हात देऊन उतरवून घ्यायचा, त्यामुळे अख्ख्या खाडीत त्याचं नाव होतं. मला तो आवडायचा. पण माझ्या आईने त्याचं कौतुक केलं की मी तिथून उठून जायचो, ते लहानपणापासूनच.

माझा कागद मीच टाइप केला. दुसऱ्यांचे इतके केले होते, स्वतःचा हा पहिलाच. ठरलेला मजकूर होता तोच घातला, नेम, प्लेस अँड स्टेड. काझींसाठी उर्दू तर्जुमा वेगळा जोडला. पर्सीसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “नारळाच्या बागेसाठी हे ठीक आहे. बायकोसाठी मी ‘वतीने’ एवढंच लिहिलं असतं.”

मी म्हटलं, “साहेब, फॉरमॅट असाच आहे.”

“तुला तो तिथे दहाच मिनिटं उभा राहायला हवा आहे ना?”

“हो.”

“असो. अभिनंदन,” असं म्हणून त्यांनी कागद वर पाठवला.

लग्नाच्या दिवशी मी दुकानातच होतो. शेजारच्या अरबी घड्याळवाल्याने मला खजूर दिले, मबरूक, म्हणजे मुबारक, म्हणाला आणि विचारलं, नवरी कुठे आहे. मी म्हटलं, हिंदुस्थानात. नवरा कुठे आहे, तो म्हणाला. मी छातीवर हात ठेवला. त्याने आणखी एक खजूर माझ्या हातावर ठेवला.

महिन्याभराने आमच्या गावचा सुलेमान लाँचने आला. आईने पाठवलेली सुकी मासळी, आंबोशी आणि एक फोटो त्याने आणला होता. फोटोत मधोमध उस्मान. डोक्यावर रुमाल, गळ्यात फुलांचा हार, एका बाजूला माझे वडील आणि दुसऱ्या बाजूला माझे सासरे. मी विचारलं, “हार कशाला घातला त्याला?”

“मग कोणाला घालणार?” सुलेमान म्हणाला. “हार तर आणलेला होता. पोरं त्याला नवरदेव-नवरदेव करत होती. आणि ऐक तर, मजा झाली. काझींनी विचारलं, कबूल आहे का. तर हा म्हणाला, मी कबूल केला. बस, एवढंच. तुझं नावच नाही. काझी म्हणाले, कोणासाठी? तर हा गप्प.”

“गप्प म्हणजे?”

“गप्प म्हणजे गप्प. खाली बघत बसला. हाजीसाहेब त्याच्याकडे बघतायत, तुझे वडील बघतायत. मग एकदम म्हणाला, इब्राहिमसाठी, माझ्या भावासाठी. काझींनी सगळं पहिल्यापासून परत म्हणवून घेतलं. आता पक्कं आहे, घाबरू नको.”

सुलेमान हसत होता. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. मीही हसलो. पण त्या दिवशी मी एका माणसाच्या अर्जात त्याच्या बापाचं नाव चुकवलं.

निकाह पक्का होता, याबद्दल वाद नाही. आमच्या मौलवींनाही मी आडून विचारून घेतलं होतं. दुसऱ्यांदा नाव घेऊन म्हटलं ना, मग झालं, असं ते म्हणाले. पण मला छळत होती ती मधली चुप्पी. तेवढा वेळ माझ्या जागी कोण होतं? तो गप्प का बसला? त्याला काय सुचत होतं? मी टायपिंग करताना ‘प्लेस’पर्यंत नीट यायचो, आणि पुढचा शब्द आला की फोटोतला हार डोळ्यांपुढे यायचा.

जुबेदा माहेरीच होती, मी गेल्यावर तिची पाठवणी व्हायची होती. तिची उर्दूत पत्रं येऊ लागली. साधी पत्रं, प्रकृती ठीक, तुमची खुशाली हवी. पण प्रत्येक पत्रात एकदा तरी उस्मान यायचाच. उस्मानभावजींनी तुमची पार्सलं पोचवली. अब्बांना ताप होता तेव्हा उस्मानभावजी डॉक्टरला घेऊन आले. पावसात कौलं सरकली, उस्मानभावजींनी बसवून दिली. मी उत्तरात लिहायचो की त्याला उगाच त्रास देऊ नका. तिचं उत्तर यायचं की ते म्हणतात, यात त्रास कसला, भाईचं घर ते माझं घर. हे वाचून कोणाचाही ऊर भरून आला असता. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं.

पुढच्या वर्षी दाऊदचाचांचा मुलगा आला, त्याच्या हाती दुकान देऊन मी गावी गेलो. तरीतून उतरलो तर धक्क्यावरची पोरं ओरडली, “खरा नवरा आला रे.” उस्मानने मला मिठी मारली, माझी पेटी खांद्यावर घेतली आणि पुढे चालू लागला. लोक सलाम करत होते. मला की त्याला, ते नक्की सांगता येत नाही.

पाठवणी होऊन जुबेदा आमच्या घरी आली, त्याला आठवडा झाला असेल, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “निकाहच्या दिवशी तू उस्मानला पाहिलं होतंस?”

“खिडकीच्या फटीतून,” ती म्हणाली.

“मग?”

“उंच दिसले. मला वाटलं, भाऊ एवढा आहे म्हणजे तुम्हीही तेवढेच असाल.”

ती हसली. तिच्या मनात काही नव्हतं. फोटोत माझी फक्त मान आणि चेहरा होता, ती तरी काय करणार? पण मी त्या दिवसापासून घरात ताठ चालायला लागलो.

उस्मानलाही मी धक्क्यावर गाठून विचारलं, की काझींसमोर नाव घ्यायला अडखळलास का.

“घसा कोरडा पडला, भाई,” तो म्हणाला. “एवढी माणसं बघून. मला कुठे सवय आहे?”

हे उत्तर चांगलं होतं, माझ्याच मनाला ते पटत नव्हतं. माझी रजा संपत आली. जुबेदाला लगेच दुबईला नेणं शक्य नव्हतं. तेव्हा बायका-मुलांना आणणारे थोडे होते, आणि मी चौघांबरोबर एका खोलीत राहत होतो. म्हणजे ती गावातल्या घरी, आणि तोही गावातच धक्क्यावर, कौलं बसवायला तयार. मी आईला म्हटलं, “उस्मानला मी माझ्याबरोबर घेऊन जातो. इथे तिकिटं फाडून त्याचं काय होणार आहे?”

आई रडली. काका माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, असा भाऊ सगळ्यांना मिळो. गावात चार दिवस माझीच चर्चा होती. मी त्याला कशासाठी नेतोय ते मलाच ठाऊक होतं. लोकांचं कौतुक मी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि लोकांना वाटलं, किती विनय आहे.

दुबईत उस्मानचं बस्तान माझ्याआधी बसलं, असं म्हटलं तरी चालेल. दोन महिन्यांत त्याला अरबी बोलता यायला लागली. मी इतकी वर्षं राहून यल्ला, म्हणजे चला, आणि खलासच्या पुढे फारसा गेलो नव्हतो. शारजात एका अरबी कापडव्यापाऱ्याने त्याला ठेवून घेतलं, रोल्लाजवळ. आज रोल्ला म्हटलं की दुकानांची गर्दी आठवते, पण तेव्हा तिथे खरोखरच एक मोठा वड होता आणि त्याच्याखाली माणसं विसाव्याला बसायची. मी एकदा त्याला भेटायला गेलो तर हा वडाखाली चार अरब म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून गोष्ट सांगत होता आणि ते पोट धरून हसत होते. मी लांबूनच परत फिरावं की काय असा विचार केला. त्याने मला पाहिलं, उठून आला आणि सगळ्यांना म्हणाला, हा माझा मोठा भाऊ, याने मला इथे आणलं.

दशक संपत आलं तेव्हा मला देरात दोन खोल्या मिळाल्या आणि मी जुबेदाला आणलं. उस्मान दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे जेवायला यायचा. तिने ते पहिल्या आठवड्यापासून ठरवूनच टाकलं. मी सुरमई आणायची, तिने कालवण करायचं, त्याने येताना शारजाहून काहीतरी आणायचं. तो आला की घर बोलायला लागायचं. जुबेदा गावच्या गोष्टी काढायची, त्यातली निम्मी माणसं मला आठवायची नाहीत, त्याला सगळी आठवायची. मी जेवताना गप्प असतो असं ती म्हणायची. मी म्हणायचो, काटे असतात.

उस्मानने अजून लग्न केलं नव्हतं. एका बुधवारी जुबेदा मासळी साफ करता करता म्हणाली, “महाडकडचं एक स्थळ आलंय. मी उस्मानभावजींशी बोलते शुक्रवारी.”

“तुला का एवढी काळजी त्याची?” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा चढला असावा, कारण तिने सुरी खाली ठेवली.

“तुम्हाला काय खुपतं, ते मला लग्नापासून दिसतंय,” ती म्हणाली. “तुम्ही विचारत नाही म्हणून मी बोलत नव्हते.”

“मग बोल.”

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि समोर बसली. तिने जे सांगितलं ते असं. निकाहच्या आदल्या संध्याकाळी उस्मान कागद घेऊन त्यांच्याकडे पोचला. हाजीसाहेबांना आमच्या गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं, की दुबईला गेलेला मुलगा लग्नालाही येत नाही, तो नांदवायला कधी येणार. त्यांचं मन फिरलं होतं. समोर हा उंच, अदबीने बोलणारा, गावातच नोकरी असलेला मुलगा. घराणं तेच. त्यांनी उस्मानला ओसरीवर बसवलं आणि सरळ म्हणाले, उद्या वकील म्हणून नको, तूच बस. इब्राहिमच्या बापाला मी समजावतो.

मी विचारलं, “तुला हे कोणी सांगितलं?”

“मला कोण सांगणार? अब्बा आधी आत येऊन मला विचारून गेले होते, आणि ओसरीवरचं बोलणं दाराआड ऐकू येत होतं.”

“काय विचारलं?”

“की इब्राहिमऐवजी उस्मान चालेल का.”

“आणि तू?”

ती माझ्याकडे पाहत होती. तिने नजर हलवली नाही.

“मी म्हटलं, चालेल. मी तुम्हाला कुठे ओळखत होते? त्यांनाही नव्हते ओळखत. अब्बा म्हणतात ते चांगलंच असेल, एवढं माहीत होतं.” मग ती म्हणाली, “नाही म्हणाले ते उस्मानभावजी. त्यांनी अब्बांना सांगितलं, मी भाईसाठी आलोय, हे पुन्हा बोलाल तर कागद घेऊन परत जातो.”

तिने उठून मासळी पुन्हा हातात घेतली. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. काझींसमोरची ती चुप्पी मला आता कळल्यासारखी वाटली. सासरे समोर बसून त्याच्याकडे बघत होते, ते काय म्हणून बघत होते तेही कळलं. त्या माणसाने शब्दही न बोलता पुन्हा एकदा विचारलं होतं, आणि सगळी बैठक थांबली होती. त्या वेळात उस्मानच्या मनात काय आलं, ते मात्र कळलं नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. जो माणूस माझी जागा घेईल म्हणून मी इतकी वर्षं जळत होतो, त्याला ती देऊ केली होती आणि त्याने ती घेतली नव्हती. पण मला बरं वाटलं नाही. पूर्वी तो माझ्यापेक्षा उंच होता, पोहण्यात पुढे होता, अरबी त्याला येत होती. या सगळ्यावर मी मनातल्या मनात काही ना काही तोड काढली होती. याच्यावर तोड नव्हती. त्याच्या जागी मी असतो तर ‘नाही’ म्हणालो असतो का, हे मी स्वतःला विचारायलाही तयार नव्हतो.

शुक्रवारी तो आला. येताना हलवा आणला होता. जेवण झालं, जुबेदाने स्थळाची गोष्ट काढली, तो लाजला आणि फोटो बघू म्हणाला. मग मी त्याला शारजाच्या टॅक्सीपर्यंत सोडायला निघालो. एरवी मी जात नसे. वाटेत तो आपल्या मालकाच्या गोष्टी सांगत होता. मध्येच मी विचारलं, “हाजीसाहेबांनी तुला ओसरीवर काय विचारलं होतं, ते मला कळलं.”

तो चालायचा थांबला नाही. “वहिनी बोलल्या?”

“हो. तू नाही का म्हणालास?”

“म्हणजे काय भाई, हो म्हणायला हवं होतं?”

“गंमत नको करू. मला सांग.”

टॅक्सीवाला शारजा-शारजा ओरडत होता. उस्मानने कपाळावरचा घाम पुसला.

“मला दुबईला यायचं होतं,” तो म्हणाला. “तिकिटं फाडून कंटाळलो होतो. हाजीसाहेबांचा जावई झालो असतो तर त्यांच्या बागेत नारळ मोजत बसलो असतो. तुझं काम इमानाने केलं तर कधी ना कधी तू मला इथे आणशील, असा हिशोब होता माझा. आणलंस की नाही?”

तो हसत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरं बोलत होता, की माझी मान वर राहावी म्हणून त्याने हे तिथल्या तिथे जुळवलं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पुढे त्याचं महाडच्या मुलीशी लग्न झालं, मुलं झाली, आम्ही दोघं म्हातारे झालो, आणि मी ते त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. खरं असेल तर तो हुशार, आणि जुळवलेलं असेल तर आणखीच मोठा. दोन्ही बाजूंनी मीच खाली राहत होतो.

“यल्ला भाई, जातो,” असं म्हणून तो टॅक्सीत शिरला. आत आधीच चारपाच माणसं होती. तो काहीतरी अरबीत बोलला, सगळे हसले आणि सरकले.

घरी आलो तर जुबेदा भांडी आवरत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “मिळाली का जागा त्यांना?”

“मिळाली,” मी म्हटलं. “खिडकीजवळची.”

“एवढ्या गर्दीत?”

“त्याला मिळते,” मी म्हटलं, आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागलो.